आईच्या हातांची खाज: ट्यूब बदलण्याआधी हाताला काय लागतं ते शोधा

प्रश्न, थोडक्यात: आई ४८ वर्षांची, तासगाव तालुक्यात राहते. दीड वर्षापासून हातांना खाज आहे, तळहाताला भेगा पडतात, बोटांच्या बेचक्यांतून लस येते. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं. मेडिकलमधली ट्यूब लावली की आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती बेदाण्याच्या शेडवर जाते, ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेत पेस्ट लावायला. वांगं, शेंगदाणे, दही सगळं सोडून झालं. "रक्तात अ‍ॅलर्जी आहे" असं सांगून एक महागडी रक्ततपासणी सुचवली आहे. दोन महिन्यांपासून कपाळाच्या कडेला, कानांवर आणि पापण्यांवरही लाली येते, सूज येते. केसांना ती महिन्यातून एकदा काळी मेंदी लावते. हे कायमचं जाईल का?

उत्तर:

ताई, हात प्रत्यक्ष न पाहता छातीठोक निदान सांगणं बरोबर नाही आणि ते मी करणार नाही. पण तुम्ही हकिकत इतकी नीट लिहिली आहे की निम्मं उत्तर तिच्यातच आहे. सांगलीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना असे हात मी रोज पाहतो. माझा अंदाज असा की आईंना एक नाही, दोन वेगळे त्रास आहेत, हातांचा एक आणि चेहऱ्याचा दुसरा. दोन्हींचं मूळ रक्तात किंवा पोटात नाही. हाताला काय लागतं आणि डोक्याला काय लागतं, तिथे ते आहे.

म्हणून आधी वांगं, शेंगदाणे आणि दही पुन्हा सुरू करा. ते सोडूनही फरक पडला नाही, म्हणजे त्यांचा यात संबंध नाही. आपल्याकडे अंगावर काही उठलं की पहिला आळ ताटावर जातो. पन्नाशीला आलेल्या, दिवसभर राबणाऱ्या बाईच्या जेवणातून दही-शेंगदाणे काढून घेतले की खाज तशीच राहते आणि अशक्तपणा तेवढा वाढतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशा बायका माझ्याकडे येतात तेव्हा निम्मं जेवण सोडून आलेल्या असतात.

रक्ततपासणीचे पैसेही वाचवा. त्या तपासणीत आयजीई नावाची अँटिबॉडी मोजतात. तिचा संबंध शिंका, दमा, अंगावर पित्त उठणं अशा त्रासांशी असतो. एखाद्या वस्तूच्या स्पर्शाने येणारी अ‍ॅलर्जी वेगळी, ती शरीरातल्या टी-पेशींमार्फत येते आणि रक्ताच्या त्या अहवालात दिसतच नाही. तिच्यासाठी पॅच टेस्ट असते, तिच्याकडे पुढे येतो.

आता हात. वस्तूच्या स्पर्शाने कातडी बिघडते ती दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा म्हणजे साधी झीज. साबण, भांड्यांची पावडर, फिनेल, चुना, सिमेंट ही कुणाच्याही कातडीला खातात, फक्त कुणाला लवकर, कुणाला उशिरा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. अंगाचा साधा साबण आणि कपड्यांची पावडर चांगलीच क्षारधर्मी असतात. दिवसातून वीस वेळा हात त्यात गेले की कातडीतला तेलकट अंश धुऊन जातो, पेशींमधला सांधा सुटतो, भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढचं सगळं आत शिरतं. ही अ‍ॅलर्जी नव्हे. २०१९ च्या महापुरानंतर घरातला गाळ काढून ब्लीचिंग पावडरने फरशा धुतलेल्या कितीतरी जणांचे हात मी असे पाहिले. त्यात ज्यांना आयुष्यात कधी खाज सुटली नव्हती तेही होते.

दुसरी तऱ्हा खऱ्या अ‍ॅलर्जीची. एखादा पदार्थ पहिल्यांदा लागतो तेव्हा काहीच होत नाही. शरीर त्याची ओळख ठेवतं, त्याला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. कधी कधी तर वर्षानुवर्षं वापरून झाल्यावर एके दिवशी ती ओळख पक्की होते. त्यानंतर मात्र तो पदार्थ थोडासा लागला तरी एक-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी, तिथे खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड. या उशिरामुळेच माणसं फसतात. सोमवारी लावलेल्या वस्तूचा त्रास बुधवारी येतो आणि दोष मंगळवारच्या जेवणाला जातो. "डॉक्टर, ही मेंदी मी दहा वर्षं लावतेय, आत्ताच कशी बाधेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. दहा वर्षं लावली म्हणूनच बाधू शकते.

आईंच्या हातांबद्दल मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही लिहिलेले महिने. बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. ते पाणी द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर मोडतं, म्हणून द्राक्ष लवकर वाळतं. जे पाणी द्राक्षाचं मेण काढतं ते माणसाच्या बोटांवरचं तेल कसं सोडेल? वर गंधकाची धुरी असते, ती डोळ्यांना आणि नाकाला झोंबते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतो त्या जागांना, जी पेस्ट लावतात तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते तर कातडी सरळ भाजणारं रसायन आहे आणि काहींना त्याची खरी अ‍ॅलर्जीही होते. पुष्कळ ठिकाणी ही पेस्ट उघड्या हातांनी, नाहीतर फाटक्या हातमोज्यांनी लावली जाते. बागायतदारांना माझं हात जोडून सांगणं आहे की कोपरापर्यंतचे, रसायन आत न झिरपणारे हातमोजे मजुरांना द्या, ते पेस्टच्या खर्चापुढे काहीच नाहीत. आणि पेस्ट लावणाऱ्या पुरुषांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: त्या कामाच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नका. सायनामाइड अंगात असताना दारू गेली तर चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरू शकतो.

या दोन हंगामांच्या मधल्या महिन्यांत हात भांडी-धुण्यात, म्हणजे बरं व्हायला सवडच नाही. आईंच्या हातांचा मुख्य भाग झिजेचा असावा, त्यावर कदाचित एखादी अ‍ॅलर्जी बसलेली. बेचक्यातली कातडी पांढरट, फुगलेली, ओली दिसत असेल तर तिथे बुरशीही वाढलेली असू शकते, ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

चेहऱ्याचं मात्र मला वेगळं वाटतं. कपाळाची कड, कान, पापण्या आणि महिन्यातून एकदा काळी मेंदी. मेंदीचा स्वतःचा रंग केशरी-तांबडा. पाकिटातली मेंदी केस काळेभोर करत असेल तर तिच्यात बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायअमीन असतं, हेअर डायमधलं तेच रसायन, पाकिटावर पीपीडी असं लिहिलेलं सापडतं. त्याची अ‍ॅलर्जी गंमत अशी करते की टाळूची जाड कातडी फारशी बोलत नाही, पापण्यांची पातळ कातडी सुजून डोळे बंद होतात. मेंदी लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी लाली वाढते का, एवढं आठवून पाहा. वाढत असेल तर आजपासून बंद. दुसऱ्या कंपनीचा डाय, "अमोनिया नसलेला" डाय, "हर्बल" डाय हे पर्याय नव्हेत, कारण अमोनियाचा या अ‍ॅलर्जीशी संबंध नाही आणि पीपीडी त्यातही असू शकतं. घरी पानं वाटून केलेली मेंदी चालते. नाहीतर पांढरे केस पांढरे राहू देत.

पापण्यांवर लाली आली की मी आणखी दोन गोष्टी विचारतो. एक नेलपॉलिश, कारण बोट दिवसभर डोळ्याला लागतं. दुसरं गाजर गवत.

गाजर गवतावर मला थोडं थांबायचं आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं, परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं असं मानतात, आणि आज सातारा-सांगलीत बांध, पडीक रान, रस्त्याची कड, शाळेचं मैदान, एकही जागा त्याने सोडलेली नाही. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची अ‍ॅलर्जी होते. गवताला हात लावायचीही गरज नसते, वाळलेल्या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याने येऊन बसतात. माझ्याकडे येणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले शेतकरी असतात. चेहरा, मान, सदऱ्याच्या गळ्याचा भाग आणि कोपराच्या खोलगट बाजूची कातडी काळवंडून चामड्यासारखी जाड झालेली. वर्षानुवर्षं "उन्हाची अ‍ॅलर्जी" म्हणून औषध चाललेलं असतं. फरक ओळखायची एक खूण आहे: ऊन पापण्यांवर, कानामागे आणि हनुवटीखाली फारसं पोचत नाही, त्या जागा उन्हाच्या त्रासात वाचतात. गाजर गवताचे कण तिथेही पोचतात, त्या जागाही सुटत नाहीत. जुनाट झाला तर हा आजार मलमाने आवरत नाही. अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या गोळ्या रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्याव्या लागतात. गवत उपटायचंच तर फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे घालून, आणि ज्याला त्रास आहे त्याने उपटायचं नाही. कपडे बांधावर वाळत घालू नका.

त्रास नेमका कुठे उठला आहे, हे मी रुग्णाला प्रश्न विचारायच्या आधी पाहतो. उजव्या हाताने चिरणाऱ्या बाईच्या डाव्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं फुटलेली असतील तर लसूण. डाव्या हातात पाकळी धरलेली असते ना. बेंबीच्या खाली चट्टा असेल तर पँटचं बटण, कानाच्या पाळीला, मनगटाला, मानेमागे मंगळसूत्राच्या फाशापाशी असेल तर खोट्या दागिन्यातलं निकेल. पायाच्या पाठीवर चपलेच्या पट्ट्याचा आकार उठला तर रबर किंवा चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम. गवंड्याच्या हातांना तेच क्रोमियम सिमेंटमधून लागतं.

टिकलीचं थोडं जास्त सांगतो, कारण त्यात माणसाचं मन फार दुखावलं जातं. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचा पदार्थ असू शकतो. त्याने आधी गोल जागी खाज येते, नंतर तिथला रंगच जातो, पांढरा ठिपका उरतो. काही वर्षांपूर्वी वाळव्याकडची एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली, दारातच रडत. कोड समजून दोन स्थळं परत गेली होती. ठिपका बरोबर टिकलीएवढा, टिकलीच्याच जागी. टिकली बंद केली, औषध दिलं, सात-आठ महिन्यांत बराचसा रंग भरला. सगळ्यांचा भरतो असं नाही, काही ठिपके राहतात आणि काहींना त्यातून खरं कोडही सुरू होतं. म्हणून कपाळाला खाज सुटली त्याच दिवशी टिकली काढायची, ठिपका पडायची वाट पाहायची नाही.

हळदीचंही सांगायला हवं, सांगलीकरांना आवडलं नाही तरी. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात बसून मी हे लिहितोय. हळदीतल्या कर्क्युमिनची अ‍ॅलर्जी असते. क्वचित, पण असते. हळद लागल्यानंतर दोन दिवसांनी नवरीचं तोंड सुजलेलं मी पाहिलं आहे आणि घरचे ते शांत व्हावं म्हणून वर पुन्हा हळदच लावत होते. खाणं सहसा बाधत नाही, पण फुटलेल्या, लस येणाऱ्या कातडीवर हळदीचा लेप देऊ नका.

आणि बिब्बा. पायाच्या भेगांना, गुडघ्याला, बाळंतिणीला अजूनही खेड्यांत बिब्बा लावतात. तो उतला की काय होतं हे जुन्या बायकांना माहीत असतं: फोड, सूज, आग, आणि चीक लागला त्या रेषेत काळा डाग. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, आंब्याच्या चिकाने ओठांच्या कडा भाजतात त्या त्याचमुळे. चीक लागला तर लगेच साबण आणि भरपूर पाणी, मग बाकीचं. फोड मोठे असतील किंवा तोंडावर, जननेंद्रियाजवळ असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

आता उपचार. आधी ती ट्यूब. मेडिकलमधून मिळालेल्या अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात, त्यात एक जोरदार स्टिरॉइड. आठ दिवस बरं वाटतं ते त्याच्यामुळे. हेच मलम नायट्यावर लावलं तर खाज थांबते आणि नायटा आतून पसरत जातो, चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं येतात आणि बंद केलं की आग पेटते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचखाली आणलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. आईंच्या चेहऱ्याला ती ट्यूब अजिबात लावू नका. अँटिबायोटिक मलमातल्या निओमायसिनचीच अ‍ॅलर्जी होऊन जखम चिघळलेलीही मी पाहिली आहे. इंजेक्शनबद्दल: ते लांब टिकणारं स्टिरॉइड असावं. त्याने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. तिसरं घेऊ नका आणि एकदा साखर तपासून घ्या.

स्टिरॉइड मलम हे विष नाही, हेही तितकंच खरं. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवस लावलं तर हाताच्या इसबावर, म्हणजे आईंच्या हातांसारख्या खाज-भेगांच्या त्रासावर, त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तळहाताला जोरदार लागतं, पापणीला अगदी सौम्य आणि थोडेच दिवस. किती लावायचं याचं माप सोपं आहे: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढायची, तेवढं साधारण अर्धा ग्रॅम मलम एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरतं. हातांना बहुधा दोन आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं कमी करत.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरी हे करा. लस येत असेल तर स्वच्छ सुती फडकं थंड पाण्यात भिजवून, दिवसातून तीनदा दहा-पंधरा मिनिटं ठेवा. लस थांबून कातडी कोरडी झाली की व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, हात धुऊन टिपल्यावर लगेच, दिवसातून सात-आठ वेळा, आणि रात्री झोपताना जाडसर थर देऊन वर सुती हातमोजे. लिंबू, कडुनिंबाचा रस, टूथपेस्ट, जंतुनाशक द्रव यातलं काहीही नको. भांड्यांना आत सुती आणि वर प्लॅस्टिकचे हातमोजे, रबराचे नकोत. आत घाम आला की काढायचे, ओले पुन्हा घालायचे नाहीत. काही दिवस भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत, हे मी चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहितो, कारण घरातल्या माणसांना तोंडी सांगितलेलं पटत नाही. खाजेच्या गोळीने झोप लागते, पण हाताचं इसब त्याने बरं होत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आणखी एक तपासून पाहा: घरात दुसऱ्या कुणाला रात्री खाज सुटते का? सुटत असेल तर ती खरूज असू शकते आणि सगळ्या घराला एकदम औषध लागतं. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखी रेघ दिसली तर ती पुष्कळदा दिव्याभोवती येणाऱ्या छोट्या किड्याची असते, तो अंगावर चिरडला गेला की होते. लोक तिला नागीण समजून घाबरतात. आणि अंगभर गांधी उठून ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर ते या सगळ्याहून वेगळं आहे. तिथे कुठलंही मलम नको, वाट पाहणं नको, १०८ ला फोन करून सरळ मोठं रुग्णालय.

पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थांचे छोटे कप्पे पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि तेव्हा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, म्हणून आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात ती टाळलेली बरी. स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शन चालू असताना केली तर अ‍ॅलर्जी असूनही ती दिसणार नाही असं होऊ शकतं, हे आईंच्या बाबतीत विसरू नका. आधी हात शांत करू, मग टेस्ट.

कायमचं जाईल का, हे तुम्ही विचारलं आहे. पीपीडीची अ‍ॅलर्जी असेल तर शरीर ती बहुधा जन्मभर विसरणार नाही, पण पीपीडी लागलंच नाही तर त्रासही येणार नाही. हातांची झीज भरून येते. मात्र कातडी वरून बरी दिसू लागल्यावरही तिची आतली ताकद परत यायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी बरं वाटतंय म्हणून हातमोजे सुटतात. शेडचं काम सोडा असं मी म्हणणार नाही, त्या मजुरीवर घर चालत असेल. बुडवायच्या टाकीऐवजी बेदाणा निवडायला बसवा, असं शेडमालकाशी बोलून बघा. बहुतेक जण ऐकतात.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना एका पिशवीत सगळं भरून न्या: मेंदीचं रिकामं पाकीट, ती ट्यूब, अंगाचा आणि भांड्यांचा साबण, टिकलीचं पान, घरचे हातमोजे. पेस्टची बाटली नेऊ नका, तिच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. आणि आठ दिवस आधीपासून कुठलंही औषधी मलम न लावता हात जसे आहेत तसे दाखवा.